जवळा नेमका कोण? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावला समुद्र नाही, पण चोर्ला, अनमोड आणि आंबोली घाटांतून समुद्राचा माल येतो. आठवडी बाजारात मापट्यानं मिळणारा जवळा बहुतेक घरांत ओळखीचा आहे. तरी तो प्राणी नेमका कोणता, असं विचारलं की उत्तरं फुटतात: कुणी कोळंबीची पिल्लं म्हणतं, कुणी क्रिल, कुणी नुसतंच सुकट. कॉलेजचा प्रकल्प करणारे विद्यार्थी, शाळेचे शिक्षक आणि काही चौकस गिऱ्हाइकं यांच्याकडून आलेले प्रश्न खाली घेतले आहेत.

जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं का?

नाही. जवळा हा पूर्ण वाढलेला प्राणी आहे. त्याची जातच लहान. आपल्या किनाऱ्यावरचा मुख्य जवळा म्हणजे अ‍ॅसेटीस इंडिकस. तो साधारण २ ते ३ सेंटिमीटरचा असतो आणि मोठी मादी ४ सेंटिमीटरच्या आसपास जाते. मोठ्या कोळंबीचं पिल्लू याच मापाचं असू शकतं, म्हणून लांबीवरून निवाडा करू नये. पाय मोजा. कोळंबीच्या पिल्लाला चालायच्या पायांच्या ५ जोड्या असतात, जवळ्याला ३. चौथी आणि पाचवी जोडी त्याला नसतेच. तुटून पडलेली नसते, मुळातच नसते.

मी मोजले तर ४ जोड्या भरल्या. मग हा जवळा नाही का?

बहुधा आहे. पहिल्यांदा मोजणाऱ्यांपैकी बरेच जण इथंच फसतात. चालायच्या पायांच्या पुढं जबड्याच्या पायांच्या ३ जोड्या असतात. त्यांतली तिसरी जवळ्यात इतकी लांब आणि पायासारखी असते की ती चौथी जोडी म्हणून मोजली जाते. ओळखायची खूण टोकाला आहे: चालायच्या तिन्ही जोड्यांच्या टोकाला बारीक चिमटा असतो, जबड्याच्या पायाला तो नसतो. हा चिमटा फार इवलासा असतो, १० पट भिंगाखाली जेमतेम कळतो. त्यामुळं मोजणी मागून पुढं करावी. पोटाच्या पहिल्या खंडापासून सुरुवात केली तर आधी पायच नसलेली मोकळी जागा लागते, मग सगळ्यांत लांब असलेली तिसरी जोडी, मग दुसरी, मग पहिली. त्यापुढचं सगळं तोंडाचं साहित्य.

एक उलटी चूकही होते. वाळलेल्या मालात कोळंबीच्या पिल्लाचे मागचे पाय गळून पडलेले असतात आणि मग तेही ३ जोड्यांचं वाटतं. अशा वेळी चोच पाहा. कोळंबीच्या कवचाच्या पुढं लांब, वरच्या धारेला दाते असलेली चोच असते. जवळ्याची चोच अगदी आखूड असते, डोळ्यांच्या पुढंसुद्धा जात नाही.

बाजारात जवळा, सुकट, करंदी, सोडे अशी नावं ऐकू येतात. यांतलं कोणतं नाव कशाचं?

ही नावं व्यापाराची आहेत. जीवशास्त्राच्या चौकटीत ती एकास एक बसत नाहीत.

सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. डोकं, कवच आणि पाय काढलेले असल्यामुळं सोड्यावरून जात सांगण्याच्या भानगडीत पडूच नये. करंदी हा वेगळा प्राणी आहे: नेमॅटोपॅलिमॉन टेन्युइपेस. चोच लांब, तिच्या बुडाशी उंचवटा, पाय केसासारखे बारीक आणि लांब. सुकट हा शब्द देशावर सैल वापरला जातो, जवळ्यालाही आणि मिसळ मालालाही. कोकणात काही ठिकाणी बारीक जवळ्याला कोळीम म्हणतात, गोव्याकडचा माणूस गालमो म्हणेल आणि कन्नड दुकानदार सरसकट सिगडी म्हणेल. नोंदवहीत दुकानदारानं सांगितलेलं नाव जसंच्या तसं लिहावं, पण ते ओळख म्हणून लिहू नये. दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा.

जवळ्याचं पूर्ण वर्गीकरण काय?

प्राणी सृष्टी, संधिपाद संघ, क्रस्टेशिया उपसंघ, मॅलाकोस्ट्राका वर्ग, डेकापोडा गण, डेन्ड्रोब्रँकिएटा उपगण, सर्जेस्टिडी कुल, अ‍ॅसेटीस प्रजाती, इंडिकस जाती. प्रजाती आणि जाती दोन्ही एच. मिल्न एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं १८३० मध्ये मांडल्या.

यातला उपगण समजून घेण्यासारखा आहे, कारण बाजारातली निम्मी गफलत तिथंच सुटते. डेन्ड्रोब्रँकिएटा म्हणजे फांद्यांसारखे कल्ले असलेले. मोठी कोळंबी आणि जवळा दोघंही याच उपगणातले. यांच्या माद्या अंडी सरळ पाण्यात सोडतात. करंदी कॅरिडिया या दुसऱ्या गटात येते. तिथं मादी अंडी पोटाखालच्या पोहण्याच्या पायांना चिकटवून वागवते. म्हणजे पोटाखाली अंड्यांचा घोस असलेलं ‘जवळ्याचं’ नग सापडलं, तर तो जवळा नाही, एवढं भिंगाशिवाय सांगता येतं.

डेकापोडा म्हणजे दहा पाय. जवळ्याला तर सहाच. मग तो या गणात कसा?

वर्गीकरण एका खुणेवर होत नाही, नात्यावर होतं. शरीराचे खंड, कवचाची ठेवण, जबड्याच्या पायांच्या ३ जोड्या, कल्ले, डिंभाच्या (अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या) अवस्था हे सगळं जवळ्याला डेकापोडांत बसवतं. मागच्या दोन जोड्या या वंशात नंतर गेल्या. सर्जेस्टिडी कुलातल्या इतर प्राण्यांत त्याच दोन जोड्या आखूड झालेल्या दिसतात. अ‍ॅसेटीसमध्ये त्या पुरत्या नाहीशा झाल्या आहेत.

मराठी पुस्तकात ‘कुल’ म्हणजे एक आणि कन्नड पुस्तकात दुसरंच, असं का?

सीमाभागातल्या विद्यार्थ्यांची ही खरी अडचण आहे आणि तिच्यापायी प्रकल्पवहीत अख्खी पायरी चुकते. मराठी शालेय पुस्तकांत कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड आहे. कन्नड मजकुरात मराठीतल्या कुलाला बहुधा ‘कुटुंब’ म्हणतात, प्रजातीला ‘कुल’ आणि जातीला ‘प्रभेद’. त्यामुळं कन्नड स्रोतातला ‘कुल: अ‍ॅसेटीस’ मराठी वहीत तसाच उतरवला की प्रजाती कुलाच्या जागी बसते. त्यात मराठी वर्तमानपत्रं जातीलाच ‘प्रजाती’ म्हणतात, मग गोंधळ पुरा होतो. सोपी खूण अशी: प्राण्यांच्या कुलाचं शास्त्रीय नाव ‘-इडी’ या उच्चारानं संपतं. सर्जेस्टिडी, पॅलिमॉनिडी, पिनीडी. भाषा कोणतीही असो, हे शेपूट दिसलं की ते मराठीतलं कुल.

भिंगाखाली कोणत्या क्रमानं पाहायचं?

साहित्य साधं आहे. १० पट भिंग (सराफाचं चालतं), दोन बारीक चिमटे, पेट्री डिश किंवा उथळ काचेची वाटी, खाली ठेवायला काळा कागद, मोजायला आलेख कागद. पाय आणि चोच एवढ्यात दिसतात. जातीपर्यंत जायचं असेल तर २० ते ४० पटीचा विच्छेदन सूक्ष्मदर्शक लागतोच. प्राणी कोरडा पाहू नका. पाण्यात किंवा ग्लिसरिनमध्ये बुडवून पाहा; कोरड्या कवचावर उजेड चमकतो आणि कडा दिसत नाहीत.

१. पोटाच्या पाळ्या. प्राणी कुशीवर ठेवा. पोटाच्या दुसऱ्या खंडाची बाजूची पाळी पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही पाळ्यांवर चढलेली असेल तर तो कॅरिडिया, म्हणजे करंदीच्या बाजूचा. ती पहिल्या पाळीवर चढलेली नसेल तर पुढं जा.

२. पाय. वर सांगितल्याप्रमाणं मागून पुढं मोजा. ५ जोड्या म्हणजे कोळंबी. ३ जोड्या, त्यांना इवले चिमटे आणि मागं मोकळी जागा म्हणजे अ‍ॅसेटीस.

३. मान. डोळे आणि तोंड यांच्यामध्ये लांब सुईसारखी मान असेल तर तो ल्युसिफेरिडी कुलातला प्राणी. जवळ्याच्या जाळ्यात तो अधूनमधून येतो. तो इतका नाजूक असतो की सुक्या मालात सहसा ओळखू येत नाही.

४. नर की मादी. नराच्या लहान मिशीची खालची शाखा जाड होऊन वाकलेली असते आणि तिच्यावर पकडीचे काटे असतात. पोहण्याच्या पायांच्या पहिल्या जोडीवर पेटास्मा नावाचा जननावयव असतो. हे दोन्ही नसेल तर मादी किंवा अपरिपक्व नग.

५. पुच्छखंडाचं टोक. शेपटीच्या पंख्यातली मधली निमुळती पट्टी म्हणजे पुच्छखंड. इंडिकसमध्ये तिचं टोक त्रिकोणी असतं. जॅपोनिकस या अ‍ॅसेटीसच्याच दुसऱ्या जातीत बोथट, गोलसर.

पहिल्या दोन पायऱ्या झाल्या की प्रजाती ठरते. चौथी आणि पाचवी पायरी जातीसाठी. आणि इथं घाई करून चालत नाही.

मग त्रिकोणी टोक दिसलं की ‘इंडिकस’ लिहायचं ना?

एका नगावरून नाही. पुच्छखंडाचं टोक झिजतं, मुडपतं, वाळताना आत वळतं. कापलं गेलेलं बोथट टोक हुबेहूब दुसऱ्या जातीसारखं दिसतं. अरबी समुद्राच्या आपल्या बाजूला इंडिकसखेरीज जॉनी, जॅपोनिकस, एरिथ्रियस, सिबोगी या जातींच्याही नोंदी आहेत आणि एकाच जाळ्यात दोन जाती येऊ शकतात. जातीचा खरा निर्णय नराच्या पेटास्म्यावर आणि मिशीवरच्या पकड-काट्यांवर होतो. मादीत वक्षाच्या खालच्या बाजूची, तिसऱ्या पायांच्या बुडाजवळची पट्टी पाहतात. कमीत कमी ५ पूर्ण नर आणि ५ पूर्ण माद्या तपासून सगळ्यांचं उत्तर एकच आलं तर ‘अ‍ॅसेटीस इंडिकस’ लिहा. नाही तर ‘अ‍ॅसेटीस, जात अनिश्चित’. आमच्या मते दुसरी नोंद कमी दर्जाची नाही. पुराव्याच्या पुढं एक पायरी गेलेलं नाव नंतर खोडायला फार त्रास होतो, कारण तोवर ते चार प्रकल्पांत उतरवलेलं असतं.

पेटास्मा काढायचा कसा?

ताजा किंवा स्पिरिटमधला नर उताणा ठेवा. पोटाखालची पहिली जोडी बुडाशी चिमट्यानं धरून पुढच्या बाजूला ओढा. दोन्ही बाजू एकत्र आल्या तर उत्तम. काचपट्टीवर ग्लिसरिनचा थेंब, त्यात हा भाग, वर आच्छादन काच. ४० ते १०० पटीत पाहा. पारदर्शक असल्यामुळं कडा दिसत नसतील तर मिथिलीन ब्ल्यूच्या अगदी फिक्या द्रावणात मिनिटभर बुडवून धुवून घ्या. द्रावण गडद झालं तर सगळाच निळा ठिपका होतो आणि नग वाया जातो. आच्छादन काच दाबू नका. दाबल्यावर टोकाचा फुगीर भाग सपाट होतो आणि चित्राशी जुळत नाही.

आमच्याकडं फक्त वाळलेला जवळा मिळतो. त्यावर काम होतं का?

प्रजातीपर्यंत नक्की, जातीपर्यंत नशीब असेल तर. सुमारे ५० ग्रॅम माल पांढऱ्या ताटात पसरा आणि शेपूट व डोकं शाबूत असलेले २०-३० नग ब्रशनं वेगळे काढा. चिमट्यानं उचलू नका, पाय तुटतात. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे एक-दोन थेंब घालून त्यात हे नग ठेवा. २ ते ६ तासांत मऊ होतात. खारवलेला माल असेल तर आधी साध्या पाण्यात दोनदा धुवा, नाही तर मिठाचे कण सांध्यांत बसून काट्यांसारखे दिसतात. फारच कडक मालासाठी प्रयोगशाळेत ट्रायसोडियम फॉस्फेटचं द्रावण वापरतात, लिटरला ५ ग्रॅम. हातमोजे घालून करा आणि नंतर भरपूर धुवा. रात्रभर विसरून राहिलं तर नग पिठासारखा होतो.

मऊ झालेला नग थेट ७० टक्के स्पिरिटमध्ये टाकला की आक्रसून वाकतो. ३० टक्के, मग ५० टक्के, मग ७० टक्के, प्रत्येकात अर्धा तास.

दोन गोष्टी मात्र परत येत नाहीत. एक, नराच्या मिशा. त्या वाळवणाच्या चटईवरच तुटतात. दुसरी, रंग. ताज्या जवळ्याच्या पुच्छपादाच्या, म्हणजे शेपटीच्या पंख्यातल्या कडेच्या पाकळीच्या, बुडाशी लाल ठिपके असतात. त्यांची संख्या आणि मांडणी जात ओळखायला मदत करते, पण वाळवल्यावर किंवा स्पिरिटमध्ये ते उडून जातात. लांबीही कमी होते, म्हणून सुक्या नगाचं माप ताज्या नगाच्या मापाशी ताडू नये.

ताजा जवळा मिळाला तर कसा टिकवायचा?

कारवार, वेंगुर्ला किंवा गोव्याकडं गेलात तर बर्फ, बाटल्या आणि स्पिरिट सोबतच ठेवा. घाट चढून घरी आल्यावर बघू म्हटलं तर प्राणी वाटेतच मऊ पडतो. जवळ्याचं कवच पातळ असतं आणि तो फार लवकर नासतो. आधी लाल ठिपक्यांचा फोटो काढा, मग तीन वाटे करा.

आकाराच्या अभ्यासासाठी: बाजारातलं फॉर्मालिन १ भाग, समुद्राचं पाणी ९ भाग, लिटरला चमचाभर बोरॅक्स. बोरॅक्स विसरलात तर फॉर्मालिन आंबट होऊन कवच विरघळवतं. दोन-तीन दिवसांनी धुवून ७० टक्के स्पिरिटमध्ये. फॉर्मालिनचं काम उघड्यावर, हातमोजे घालून.

डीएनएसाठी: थेट ९५ टक्के इथेनॉल. फॉर्मालिनचा हात लागलेला चमचासुद्धा त्यात घालू नका. दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला, कारण प्राण्यातलं पाणी उतरून ते पातळ होतं.

साध्या संग्रहासाठी: ७० टक्के स्पिरिट. ९५ टक्क्यांचं ७० मिलिलिटर घेऊन त्यात पाणी घालत ९५ मिलिलिटरपर्यंत न्या. बाटलीत प्राणी एक भाग आणि द्रव निदान नऊ भाग. ठासून भरलेली बाटली आतून कुजते. स्पिरिट मिळत नसेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. जेलवालं सॅनिटायझर चालत नाही.

लेबलवर काय लिहायचं?

शिसपेन्सिलीनं, जाड कागदावर, बाटलीच्या आत. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये उतरते आणि बाहेर चिकटवलेला कागद निघून जातो. ठिकाण, तारीख, जाळं किंवा दुकान, गोळा करणाऱ्याचं नाव, कशात टिकवला. बाजारातल्या मालासाठी ‘विकत घेतलेलं ठिकाण’ आणि ‘पकडलेलं ठिकाण’ वेगळं लिहा. बेळगावच्या बाजारात घेतलेल्या जवळ्यावर नुसतं ‘बेळगाव’ लिहिलं, तर पन्नास वर्षांनी कुणी तरी सह्याद्रीच्या माथ्यावर समुद्री प्राण्याची नोंद करेल. दुकानदाराला मूळ बंदर माहीत नसेल तर ‘पकडलेलं ठिकाण: अज्ञात’. महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर जवळा मोठ्या प्रमाणात डोल जाळ्यानं, भरती-ओहोटीच्या ओढीवर पकडतात. म्हणून घाटातून आलेला माल जवळच्याच किनाऱ्याचा असेल असं धरून चालू नये.

मलप्रभा, मार्कंडेय, हिरण्यकेशीत दिसणारी बारीक झिंगी म्हणजे जवळाच का?

नाही. अ‍ॅसेटीस समुद्रात आणि खाडीत राहतो, आपल्या नद्यांत येत नाही. गोड्या पाण्यात पाणवेलींत सापडणारी २-३ सेंटिमीटरची झिंगी बहुधा कॅरिडिना प्रजातीतली; तिच्या पुढच्या दोन जोड्यांच्या चिमट्यांच्या टोकाला केसांचे झुबके असतात, त्यांनी ती दगडावरचं शेवाळ झाडून खाते. दुसऱ्या जोडीचे पाय लांब आणि चिमटे ठळक असतील तर मॅक्रोब्रॅकियम. दोन्ही कॅरिडियातल्या, दोन्हींना ५ जोड्या पाय. जवळा समोर नसेल तर पाय मोजायचा सराव यांच्यावर करा.

जवळा म्हणजेच क्रिल का? पाकिटावर तसं लिहिलेलं असतं.

क्रिल हा वेगळा गणच आहे, युफॉसिएसिया. त्याचे कल्ले कवचाखाली झाकलेले नसतात, पायांच्या बुडाशी उघडे लोंबतात. आणखी एक तसाच दिसणारा प्राणी म्हणजे मायसिड. त्याच्या शेपटीच्या आतल्या पाकळीच्या बुडाशी काचेच्या मण्यासारखा गोल, तोल सांभाळणारा अवयव दिसतो आणि मादीच्या पायांमध्ये पिल्लांची पिशवी असते. शेपटीतला मणी एकदा पाहिला की परत चुकत नाही.

नाव लिहिताना कंस कधी घालायचा?

अ‍ॅसेटीस इंडिकस एच. मिल्न एडवर्ड्स, १८३०: कंस नाही, कारण जात पहिल्यापासून याच प्रजातीत आहे. नेमॅटोपॅलिमॉन टेन्युइपेस (हेंडरसन, १८९३): कंस आहे, कारण हेंडरसननं ती वेगळ्या प्रजातीत ठेवली होती आणि नंतर ती हलवली गेली. सजावट म्हणून कंस घालू नका. शास्त्रीय नाव छापताना तिरप्या अक्षरात, हातानं लिहिताना अधोरेखित. कर्त्याचं नाव आणि साल साध्या अक्षरात.

मोबाइलवर फोटो टाकून ओळख पटते का?

कोळंबीसारखं काही तरी आहे, एवढंच कळतं. ओळखीच्या खुणा पोटाखाली आणि मिशीवर असतात आणि लोक वरून फोटो काढतात. जाणकाराला पाठवायचा असेल तर तीन फोटो पाठवा: कुशीवरून पूर्ण प्राणी, उताणा ठेवून पायांच्या बुडांचा, आणि वरून फक्त शेपटीच्या पंख्याचा. तिन्हींत आलेख कागद हवा, खाली काळा कागद.

डीएनए तपासणीनं सगळा प्रश्न सुटेल ना?

ताज्या, इथेनॉलमधल्या नगाचा सुटू शकतो. प्राण्यांसाठी सीओआय जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वापरतात. उन्हात वाळलेल्या जवळ्यात डीएनए तुटलेला असतो. लांब तुकडा वाढत नाही, आखूड कधी कधी वाढतो. शिवाय एका चटईवर दहा प्राणी वाळलेले असतात, त्यामुळं मूठभर माल दळून पाठवला तर उत्तर कुणाचंही येईल. एका वेळी एकच नग, धुतलेला. आणि त्याचा उरलेला भाग लेबलसह जपून ठेवा. शरीर फेकून दिलं तर आलेलं नाव पडताळायला काहीच हाती राहत नाही.

मला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे. जवळा वेगळ्या कुलातला, म्हणजे चालेल?

चालेल असं धरू नका. अ‍ॅलर्जी प्रामुख्यानं ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळं होते आणि ते कोळंबी, करंदी, जवळा, खेकडा सगळ्यांत असतं.

नमुना पडताळून कुठं मिळेल?

आपल्याला जवळ म्हणजे कारवार. तिथं कोडीबागेत कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा विभाग आहे आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्रही आहे. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था आहे. जाण्याआधी कॉलेजमार्फत पत्र पाठवा. सोबत १० पूर्ण नग, त्यांत नर-मादी दोन्ही, स्पिरिटमध्ये, लेबलसह. कागदाच्या पुडीतला चुरा कुणीच ओळखून देऊ शकत नाही. बाटलीचं झाकण टेपनं बंद करा आणि द्रव काठोकाठ भरा. घाटाच्या वळणांत अर्धी भरलेली बाटली हिंदकळली की पाय आणि मिशा तळाशी वेगळ्या जमतात, आणि तपासायच्या नेमक्या त्याच असतात.